'रुजू' : परमुलखातल्या नोकरीच्या काही गोष्टी

सरकारी मराठीत 'रुजू' हा शब्द रोज हजारो कागदांवर उमटतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. अमुक तारखेस मध्यान्हपूर्व रुजू झालो, असा अहवाल पाठवला की नोकरी सुरू. शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्या दफ्तरांत आला. मुळात त्याचा अर्थ वळणे, परतणे. मराठी कारकुनांनी त्याला आपला अर्थ दिला : समक्ष आलेला, आणि ताडून पाहिलेला. हिशेबाच्या दोन वह्या समोरासमोर धरून रकमा जुळवणे म्हणजे रुजवात. तेव्हा माणूस रुजू होतो म्हणजे तो नुसता पोहोचत नाही. कागदावरचा माणूस आणि दारात उभा असलेला माणूस यांचा मेळ घातला जातो. 'रुजणे' या आपल्या क्रियापदाशी या शब्दाचे कूळ जुळत नाही, पण कान ते जोडतोच. बी रुजते तसा माणूसही नोकरीच्या गावी रुजेल, अशी आशा त्या नादसाम्यात आहे.

घरापासून लांब, जिथे ओळखीचे कोणी नाही, अशा ठिकाणी पहिल्यांदा कामावर जाणारा माणूस आधुनिक मराठी गद्यात पुन्हा पुन्हा भेटतो. कधी तो मास्तर असतो, कधी जंगलखात्यातला अधिकारी, कधी रेल्वेतला कामगार, कधी कॉलेजातला प्राध्यापक. आपल्या समीक्षेने ही पुस्तके ग्रामीण, दलित, निसर्गपर अशा वेगवेगळ्या फडताळांत लावून ठेवली. त्यामुळे ती शेजारी शेजारी क्वचितच वाचली जातात. येथे ती शेजारी ठेवून एवढेच पाहायचे आहे, की रुजवात कोण कोणाची करते, आणि रक्कम जुळली नाही तर काय होते.

सुरुवात अर्थातच व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पासून करावी लागते. १९५५ सालची ही छोटी कादंबरी. तिच्यावर इतके लिहिले गेले आहे, की आता तिच्याविषयी काही बोलायचे म्हटले की दोन ठरलेली वाक्ये आधी कानावर येतात. पहिले, ही ग्रामीण कादंबरीतली मैलाची खूण. दुसरे, हिला कथानक नाही, ही व्यक्तिचित्रांची माळ आहे. 'माणदेशी माणसं'च्या लेखकाकडून दुसरे काय अपेक्षायचे, असा त्यात एक गर्भित भाव असतो.

दुसरे वाक्य मला मान्य नाही. 'बनगरवाडी'ला कथानक आहे आणि ते अगदी सरळ आहे : एका नेमणुकीच्या हुकुमापासून दुसऱ्या हुकुमापर्यंत. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर पहाटेच्या अंधारात एकटा पायी निघतो, माणदेशातल्या उघड्या माळावरून धनगरांच्या वाडीवर पोहोचतो. शेवटी वाडी ओसाड पडते तेव्हा त्याच वाटेने परत फिरतो. मधल्या काळात जी माणसे भेटतात ती नोकरीमुळे भेटतात, आणि नोकरीला त्यांचा जेवढा संबंध आहे तेवढ्याच प्रमाणात ती कादंबरीत राहतात. कारभारी सर्वांत जास्त पाने घेतो, कारण त्याच्या शब्दावाचून शाळा भरत नाही. दादू बालट्या येतो तो कुरापत काढायला, कारण नव्या माणसाची कुरापत काढून पाहणे हीही रुजवातीची एक रीत आहे. आयबू येतो सोबतीला. कथानक नसल्याची तक्रार करणाऱ्यांना बहुधा प्रेम, सूड, वारसा असले धागे हवे असतात. नोकरी हाही धागा असू शकतो, हे आपल्या समीक्षेच्या फारसे ध्यानात आले नाही.

मास्तर पोहोचतो तेव्हा शाळा म्हणावी असे काही चालू नसते. पोरे मेंढरांमागे जातात आणि मेंढराला अक्षरांची गरज नसते. इथे माडगूळकरांनी जे केले आहे ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. मास्तर पोरांना गोळा करण्यासाठी अक्षरांचे गुणगान करत नाही. तो कारभाऱ्याकडे जातो. म्हणजे संस्थानच्या हुकुमाला वाडीतल्या म्हाताऱ्याची सही लागते. ती मिळाली की शाळा भरते, आणि मग शिकवण्यापलीकडची शंभर कामे मास्तरच्या अंगावर येतात. कोणाचे पत्र वाचून दाखवा, कोणाचा अर्ज लिहा, कोणाचे भांडण सोडवा. नेमणूक शिक्षकाची, वाडीने मात्र आपल्याला हवा तो माणूस त्याच्यातून काढून घेतला. मराठी कथेतले किती मास्तर खरोखर वर्गात शिकवताना दिसतात, हा प्रश्न कोणी तरी सवडीने घ्यावा. माझ्या आठवणीत तरी ते चावडीत, पारावर आणि दुसऱ्याच्या घरच्या भानगडीतच जास्त दिसतात.

अंजीच्या चोळीचा प्रसंग या दृष्टीने वाचला तर वेगळा दिसतो. कारभाऱ्याची ही मुलगी मास्तरला गावाहून चोळी शिवून आणायला सांगते. मास्तर आणतो. एवढ्याशा गोष्टीवरून कुजबूज उठते आणि कारभाऱ्याचे मन कलुषित होते. बहुतेक वाचक या प्रसंगात एका न घडलेल्या प्रेमकथेची चाहूल घेतात, आणि ती तिथे थोडी आहेही. पण तिच्याहून मोठी गोष्ट अशी, की मास्तरला तोवर वाडीत आपली जागा मिळाली आहे असे वाटत होते आणि ती जागा किती उसनी होती हे एका कापडाच्या तुकड्याने कळते. पत्र वाचणारा, अर्ज लिहिणारा, बाजारातून जिन्नस आणणारा माणूस ही सोय होती. सोयीच्या माणसाने चोळी आणली की तो परका पुरुष होतो. माडगूळकर याचे नाटक करत नाहीत. कारभारी ओरडत नाही, तो बोलणे कमी करतो. वाडीवर एवढे पुरे असते.

आणखी एक तपशील आहे, ज्याकडे औंध संस्थानचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय लक्ष जात नाही. मास्तर वाडीकडून श्रमाने काय बांधून घेतो? तालीम. शाळेची खोली, वाचनालय, विहीर यांतले काही नाही. तिच्या निमित्ताने खुद्द राजेसाहेब वाडीला येतात. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. त्या विषयावर त्यांनी पुस्तकच लिहिले होते. आटपाडीचा दुष्काळी मुलूख हा त्यांच्या तुकड्यातुकड्यांच्या संस्थानातला एक तुकडा. १९३९ साली याच संस्थानात गावपंचायतींच्या पायावर उभी असलेली स्वराज्याची घटना लागू झाली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या इंजिनिअरचा मोठा हात होता. तेव्हा मास्तरची तालीम ही केवळ एका उत्साही पोराची कल्पना नाही. नोकरी देणाऱ्याची आवड नोकराच्या मनात कशी आपोआप उतरते आणि त्याला ती आपलीच वाटू लागते, याचे ते नेमके चित्र आहे. वाडीला तालमीची गरज होती का? मेंढरांमागे दिवसभर चालणाऱ्या माणसांना व्यायाम कमी पडत होता असे कोणी म्हणणार नाही. तरी त्यांनी दगड वाहिले, भिंती उभ्या केल्या. ज्या मास्तरवर त्यांनी विश्वास टाकला, त्याची हौस त्यांनी भागवली. पुढे दुष्काळात ती तालीम कोणाला पाणी देणार नव्हती. या प्रकरणावर माडगूळकर एकही टीकेचा शब्द लिहीत नाहीत, आणि म्हणून ते प्रकरण मला कादंबरीतले सर्वांत कठोर वाटते.

जाता जाता एक आठवण. याच आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची मोकळी वसाहत उभी राहिली. तिच्यापासून सुचलेल्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या चित्रपटाचे लेखन ग. दि. माडगूळकरांचे. सहा खुनी घेऊन उजाड माळावर नव्या कामाला लागलेला तो तुरुंगाधिकारी आणि धाकट्या भावाचा मास्तर एकाच मुलखातले. थोरल्याने आपल्या माणसाला हुतात्मा केले, धाकट्याने नुसते परत पाठवले. कोणता शेवट अधिक खरा हे ज्याने त्याने ठरवावे. माझे मत धाकट्याच्या बाजूने.

'बनगरवाडी'त आनंदा रामोशी आहे. भुरट्या चोऱ्या करणारा, तरीही मास्तरला आणि वाचकालाही लळा लावणारा. रामोशी म्हटले की 'हजेरी' आठवते. इंग्रजी अमलात १८७१ पासून कित्येक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा होता, आणि रोज ठरल्या वेळी पोलीसपाटलाकडे किंवा चौकीवर जाऊन आपण हलललो नाही हे दाखवणे म्हणजे हजेरी. रुजू आणि हजर हे दोन शब्द दफ्तरात शेजारी बसतात. एक माणूस रुजू होतो आणि त्याला पगार सुरू होतो. दुसरा हजर राहतो आणि त्याला फक्त रात्र काढायची परवानगी मिळते. विभावरी शिरूरकरांच्या 'बळी'मध्ये (१९५०) हा शेजार उघड दिसतो. मालतीबाई बेडेकरांनी सोलापूरच्या अशा वसाहतीत नोकरी केली होती आणि तारेच्या कुंपणाआडचे ते जग त्यांना नोकरीमुळेच दिसले. 'कळ्यांचे निःश्वास'च्या लेखिकेकडून मध्यमवर्गीय मुलींच्या घुसमटीची पुढची कहाणी अपेक्षित होती. त्या कुंपणाच्या आत गेल्या. 'बळी'चे गद्य मला जागोजागी घाईचे वाटते. माणसांच्या तोंडी कधीकधी लेखिकेची मते येतात. पण नोकरीने जी दारे उघडली त्यांतून आत जाऊन आपल्याच खात्याच्या कारभाराकडे इतक्या नजीकून पाहणारी दुसरी कादंबरी त्या काळात मला दिसत नाही.

मास्तर वाडीवर पोहोचला तेव्हा त्याची जात हा त्याच्या रुजू होण्यातला अडसर नव्हता. एवढी एक गोष्ट बदलली की संपूर्ण गोष्ट कशी बदलते, ते पाहायला बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचावी लागते. १९६३ साली याच नावाच्या संग्रहात ती आली. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण सुरतेजवळच्या उधन्याला येतो. नोकरीची उमेद आहे, वाचन आहे, कविता आहे, आणि नव्या देशाविषयी मनात मोठमोठ्या कल्पना आहेत. राहायला जागा हवी. जात सांगितली तर जागा मिळणार नाही. म्हणून तो ती सांगत नाही. शीर्षकातला शब्द मात्र 'लपवली' असा नाही, 'चोरली' असा आहे. लपवतो आपण आपली वस्तू. चोरतो दुसऱ्याची. आपलीच जात उघड न करणे ही चोरी कशी ठरते, आणि नेमकी कोणाची कोणती वस्तू चोरली गेली, हा प्रश्न बागुलांनी शीर्षकातच टाकून ठेवला आहे.

या कथेत रुजवात दोन टप्प्यांत होते. रेल्वेच्या कागदावर ती पहिल्याच दिवशी पुरी होते : नेमणूकपत्र आहे, माणूस आहे, काम आहे. दुसरी रुजवात वस्तीत चालते आणि ती संपतच नाही. सहकाऱ्यांना हा बोलका, शिकलेला माणूस आवडतो. ते त्याला मान देतात, घरी बोलावतात, त्याच्याशी कवितेच्या गोष्टी करतात. जितका मान वाढतो तितकी वाचकाच्या पोटात भीती वाढते. बागुलांच्या इतर कथांत हिंसा पहिल्या परिच्छेदापासून धुमसत असते. इथे ती आदराच्या रूपाने येते आणि तिचे हे रूप अधिक भयंकर आहे. कारण हा आदर त्याला हवासा वाटतो. काशिनाथ हा दुसरा दलित कामगार जात झाकत नाही, अंगावर येईल त्याच्या अंगावर जातो. निवेदक त्याला समजावू पाहतो, शांतपणाचे धडे देऊ पाहतो. शेवटी जात उघडी पडते, मार बसतो, आणि ज्याला धडे द्यायचे त्या काशिनाथालाच मध्ये पडून त्याला वाचवावे लागते. मार खाल्लेला निवेदक मारणाऱ्या माणसांवर दोष ठेवत नाही, तो मनूचे नाव घेतो.

या शेवटावर दलित साहित्याच्या चर्चेत बरेच बोलले गेले. कोणाला तो मानवतावादाचा कळस वाटतो, कोणाला भाबडा. माझे लक्ष दुसरीकडे जाते. कथा परगावच्या नोकरीची आहे, हे या चर्चेत निसटते. मुंबईच्या वस्तीत त्याला जात चोरावी लागली नसती. तिथे ती सर्वांना ठाऊक होती आणि आजूबाजूला आपली माणसे होती. शहर आणि नोकरी माणसाला जातीतून सोडवतील, हा आंबेडकरी चळवळीतल्या पहिल्या शिकलेल्या पिढीचा मोठा आधार होता. नेमणूकपत्र हातात घेऊन आगगाडीने दूर जाणे हे त्या विश्वासाचे प्रत्यक्ष रूप. बागुल सांगतात, की रेल्वेने तुम्हाला उधन्याला पोहोचवले. भाड्याची खोली रेल्वेच्या हातात नव्हती. 'बनगरवाडी'तला मास्तर परका असल्यामुळे एकटा आहे. इथला माणूस परका राहिला तरच सुरक्षित आहे; ओळख झाली की संपले. परकेपणाचे हे दोन अर्थ एकाच शब्दात मावत नाहीत. 'नव्या ठिकाणचे एकटेपण' असे गोळीबंद नाव देऊन दोन्ही कथा एका विषयाखाली घालणाऱ्या अभ्यासक्रमांचे मला म्हणूनच आश्चर्य वाटते.

भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील या दोघांच्या मध्ये कुठे तरी उभा आहे. 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७), 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांतून तो एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, एका गावातून दुसऱ्या गावात जात राहतो. पाठीवरचे सामान हेच ज्याचे घर, त्याला बिढार म्हणतात. शब्द भटक्यांचा, माणूस इंग्रजीचा प्राध्यापक. प्रत्येक गावी जागेचा शोध, प्रत्येक स्टाफरूममध्ये कोण कोणत्या जातीचा याची चौकशी. चांगदेवाला मारहाण होत नाही. तो चिडतो, विनोद करतो, राजीनामा देतो. राजीनामा देता येणे ही काय चीज आहे हे बागुलांच्या कथेनंतर लगेच 'जरीला' वाचली की ध्यानात येते. तीन जाड कादंबऱ्यांत मिळून नेमाडे जे साधतात ते मला पहिल्या दोनशे पानांतच साधलेले दिसते, पण तो वेगळा वाद.

शेजारच्या बंगालीकडे एकदा नजर टाकायला हवी, कारण या गोष्टीचे एक घराणे तिथे आधी बसले. रवींद्रनाथांचा 'पोस्टमास्टर' १८९१ सालचा. कलकत्त्याचा तरुण उलापूर नावाच्या खेड्यात पहिल्या नोकरीवर येतो. तिथल्या रतन नावाच्या अनाथ मुलीला अक्षरे शिकवतो, आजारी पडतो, बदली मागतो, मिळत नाही म्हणून नोकरी सोडून निघून जातो. रतन तिथेच राहते. आपल्याकडे ही कथा भावपूर्ण म्हणून वाचली जाते. मला ती कारकुनी वाटते, चांगल्या अर्थाने. पोस्टमास्टरच्या मनात गावाची कधी नोंदच होत नाही. तो परत फिरायचे ठरवूनच आला आहे आणि रतनने मात्र त्याला घरात जमा धरले आहे. एका वहीत रक्कम मांडलेली, दुसरीत नाही. बिभूतिभूषणांच्या 'आरण्यक'मध्ये (१९३९) हीच गोष्ट मोठी आणि अधिक क्रूर होते. कलकत्त्याचा बेकार पदवीधर सत्यचरण भागलपूरकडच्या जंगलमुलखात जमीनदारी इस्टेटीचा व्यवस्थापक होऊन जातो. आधी कंटाळतो, मग त्या रानावर जीव लावतो, आणि त्याचे काम असते ते रान कुळांना वाटून नाहीसे करणे. त्याची नोकरी यशस्वी होते. रान संपते.

'आरण्यक' मनात ठेवून मारुती चितमपल्लींकडे आले की त्यांचे वेगळेपण कळते. सोलापूरचा, गिरणगावच्या वातावरणात वाढलेला मुलगा कोइमतूरला वनशास्त्र शिकतो आणि सुमारे तीन तपे जंगलखात्यात काढतो. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही नावे मराठी वाचकाला त्यांच्यामुळे घरची झाली. 'चकवाचांदण' हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना बदल्यांचा क्रम लक्षात ठेवावा. बदली म्हणजे खात्याच्या दृष्टीने पदाचा प्रवास. चितमपल्लींच्या पुस्तकात बदली म्हणजे नवा शब्दसंग्रह. नव्या जागी गेले की ते आधी नावे विचारतात. पाखराला इथे काय म्हणतात, या गवताला काय, या वाऱ्याला काय. विचारायचे कोणाला? गोंडांना, ढिवरांना, पारध्यांना, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या नवेगावच्या जाणत्याला. वरिष्ठ अधिकारी हाताखालच्या माणसाकडून, आणि शिकारबंदी लावणारा माणूस ज्यांची पिढीजात शिकार गेली त्यांच्याकडून शिकतो. यातला ताण चितमपल्ली फार बोलून दाखवत नाहीत. तिथे ते मला कमी पडतात. पारध्याने दिलेला शब्द ज्या ग्रंथात गेला त्या ग्रंथाचा कर्ता पारध्याच्या जाळ्यावर कारवाई करणाऱ्या खात्याचा होता, याचा हिशेब त्यांच्या पानांत मांडलेला सापडत नाही. तरीही पक्ष्यांचा आणि झाडांचा कोश मराठीत झाला तो या बदल्यांच्या वाटेवर. परमुलखातल्या नोकरीने मराठीला दिलेली ही बहुधा सर्वांत घट्ट वस्तू.

आता उरते ते खरे कामाचे ठिकाण : धरण, खाण, बोगदा, समुद्रातली तेलविहीर. स्वातंत्र्यानंतर हजारो मराठी तरुण नेमणूकपत्रे घेऊन अशा जागी गेले. गो. नी. दांडेकरांनी भाक्रा-नांगलवर 'आम्ही भगीरथाचे पुत्र' लिहिली. नावातच कादंबरीचा स्वर आहे. नद्या वळवणारी माणसे पुराणपुरुषांच्या वंशातली. सव्वादोनशे मीटर उंचीची काँक्रीटची भिंत म्हणजे तप. पन्नाशीच्या दशकातला तो भाव खोटा नव्हता आणि दांडेकरांची माणसांवरची माया तर कधीच खोटी नसते. पण भगीरथाच्या पुत्रांना पाळी नसते, हप्ता नसतो, पत्र्याच्या वसाहतीत शेजाऱ्याशी पाण्यावरून भांडण नसते. काम हे काम म्हणून दिसायला हवे असेल, तर माणसाला आधी पुराणातून खाली उतरवावे लागते.

कोयनेचे उदाहरण आपल्या घरचे. डोंगराच्या पोटात वीजघर, वर जलाशय, काठाला कोयनानगर नावाची वसाहत. तिथे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेले इंजिनिअर, ओव्हरसियर, फिटर, मजूर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने त्या वसाहतीतली घरे पाडली. नोकरीचे गाव आणि आपले गाव यांतला फरक त्या एका पहाटेने कित्येकांच्या आयुष्यातून पुसला, कारण माणसे तिथल्या मातीत गेली. विस्थापितांच्या बाजूने धरणाकडे पाहणारी मोठी कादंबरी आपल्याला विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ने १९९१ साली दिली. ज्यांनी ती भिंत पगारावर बांधली, आणि जे शेवटी त्या वसाहतीतून निवृत्त होऊन कुठल्या तरी तिसऱ्याच गावी प्लॉट घेऊन राहिले, त्यांची त्या तोडीची कादंबरी माझ्या वाचनात नाही. गौरवग्रंथ आहेत, स्मरणिका आहेत, प्रकल्पाचे इतिहास आहेत. त्यांतली माणसे नेहमी वेळेत काम पूर्ण करतात. पहिल्या रात्री परक्या क्वार्टरमध्ये कंदील लावून बसलेला आणि उद्या कोणाला काय विचारायचे हे न कळलेला बावीस वर्षांचा ओव्हरसियर स्मरणिकेत येत नाही. तो कादंबरीत यायला हवा होता. लेखक मास्तर होते, कारकून होते, पत्रकार होते, म्हणून मास्तर आणि कारकून साहित्यात आले. इंजिनिअरांनी बहुतेक वेळा निवृत्तीनंतर लिहायला घेतले आणि तेव्हा पहिली रात्र विसरली होती, एवढेच कारण मला दिसते.

'बनगरवाडी'च्या शेवटाकडे पुन्हा जायला हवे, पण वेगळ्या कारणासाठी. पाऊस हुकतो. चारा संपतो. धनगर एकामागून एक मेंढरे हाकत, पाठीवर संसार बांधून वाडी सोडतात. मास्तर पाहत राहतो आणि मग त्याचीही जायची वेळ येते. त्याला बदलीचा हुकूम असतो. दुसऱ्या गावी दुसरी शाळा, महिन्याचा पगार तोच. जे त्याच्या आधी गेले त्यांना हुकूम नसतो. तीही घरापासून लांब, परक्या जागी कामाला जाणारी माणसेच आहेत, आणि कादंबरी त्यांच्या मागून जात नाही. जाऊही शकत नाही, कारण सांगणारा मास्तर आहे आणि त्याची वाट वेगळी.

त्याच दुष्काळी पट्ट्यांतून पुढे माणसे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाऊ लागली. तिथे नेमणूकपत्राच्या जागी मुकादमाकडून घेतलेली उचल असते, आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला, नाला-बांधावर गेले. रोजगार हमीचा कायदा त्यानंतर १९७७ साली झाला. त्या कामांवर हजेरीपत्रक असे, त्याला सगळे 'मस्टर' म्हणत. कारकून सकाळी नाव पुकारी आणि फुली मारी. मस्टरवर नाव आहे पण मजूर कधी आलाच नाही, किंवा मजूर राबतो आहे पण मस्टरवर नाव दुसऱ्याचे, अशा तक्रारी तेव्हापासूनच्या. कागदावरचा माणूस आणि समोर उभा असलेला माणूस यांची ती रुजवात अजून कोणत्या मराठी कादंबरीने मास्तरच्या इतक्या सवडीने केलेली नाही.